सांत्वनाचे शास्त्र

ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. मेंढरे राखणारा, एवढा साधा त्या शब्दाचा अर्थ. मेंढरे राखणाऱ्याला शास्त्र कशाला हवे, असा प्रश्न आज पुष्कळदा ऐकू येतो, आणि तो अगदीच वावगा नाही. पाळकाचा दिवस जातो कशात? चर्चचे गळके छप्पर, शाळेचे अनुदान, कमिटीतले तंटे, लग्ने, प्रेतविधी, आजाऱ्यांच्या भेटी. या धबडग्यात सेमिनरीत शिकलेले त्रैक्य, अवतार, कृपा यांचे सिद्धान्त कपाटात जाऊन बसतात. लोकही म्हणतात, आम्हांला विद्वान नको, माणूस हवा.

मागणी रास्त आहे. परंतु शास्त्र बाजूला ठेवले की निव्वळ माणुसकी उरते, असे तीत गृहीत धरलेले असते. तरुण मुलगा गेलेल्या घरी पाळक जातो. आई विचारते, "देवाने असे का केले?" त्यावर 'देवाची इच्छा' म्हटले तरी तो सिद्धान्त झाला, 'देव परीक्षा पाहतो' म्हटले तरी झाला, आणि 'प्रार्थनेत विश्वास कमी पडला' म्हटले, तर तो सर्वांत क्रूर सिद्धान्त झाला. शास्त्राशिवाय त्या उंबरठ्याच्या आत कोणीच जात नाही. एक जण आपले शास्त्र तपासून नेतो, दुसरा ऐकीव नेतो, एवढाच भेद.

हा क्रूर सिद्धान्त आज दुर्मिळ राहिलेला नाही. आरोग्याची आणि भरभराटीची हमी देणारी प्रवचने टीव्हीवरून, मोबाइलवरून घरोघरी पोचतात. विश्वास असेल तर रोग जाईल, हे ऐकायला गोड लागते. पण रोग गेला नाही, की त्याच वाक्याची उलटी बाजू वर येते आणि दोष रोग्याच्या माथी बसतो. मरणाऱ्याला मरणाबरोबर अपराधाचेही ओझे वाहावे लागते.

बायबलातील ईयोबाच्या पुस्तकाने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. संतती, संपत्ती, आरोग्य गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ काही न बोलता बसून राहतात. तोवर ते उत्तम पाळक आहेत. मग तोंड उघडतात आणि तुझ्या हातून पाप घडले असले पाहिजे, असे त्याला पटवू लागतात. बोलणे सगळे देवाची बाजू घेणारे; तरी शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर, आणि भांडणाऱ्या ईयोबाला खरा ठरवतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आपल्याकडेही समाचाराला आलेला शेजारी 'प्रारब्ध' म्हणून मोकळा होतो. तेव्हा हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती माणसाचा नव्हे.

खोटे उत्तर ओठांवर येण्याआधी थांबवणे, हे शास्त्राचे पहिले काम. दुःख म्हणजे शिक्षा नव्हे, हे ज्याने निवांत वेळी पुस्तके उघडून स्वतःशी पक्के केले आहे, त्यालाच त्या घरात गप्प बसण्याचे धैर्य होते. डॉक्टर शरीरशास्त्र शिकतो ते आपला हात चुकू नये म्हणून. रोग्यापुढे तो व्याख्यान देत नाही. एखादी निरक्षर आजी विद्वान पाळकापेक्षा चांगले सांत्वन करते, हेही खरे. पण आयुष्यभर गीते गात आणि सोशीत तिनेही आपली श्रद्धा पारखून घेतलेली असते. तिचेही ते शास्त्रच.

मात्र हे शास्त्र घरच्या भाषेत उतरले पाहिजे. आपल्या सीमाभागात शाळा एका भाषेत, कचेरी दुसऱ्या भाषेत चालते. रडू मात्र घरच्याच भाषेत येते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांनी सृष्टी, पाप, तारण हा सगळा विषय मराठी ओव्यांत सांगितला. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे आणि कीर्तनाचे वळण दिले. परक्या परिभाषेत पाठ केलेले आपल्याला खरोखर किती उमगले आहे, हे त्यासाठी मायबोलीत शब्द शोधू लागल्यावरच कळते.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. पण देवाने आपल्याला का सोडले, हा वधस्तंभावरचा येशूचा आक्रोश मार्काने त्याच्या घरच्या अरामी भाषेत जपून ठेवला आणि मग त्याचा अर्थ दिला. त्या क्षणी वरून काही उत्तर आल्याची नोंद त्याने केलेली नाही. ज्या धर्माच्या गाभ्यात हा प्रश्न असा उघडा राहिला आहे, त्याच्या पाळकाने मुलगा गमावलेल्या आईला घाईने उत्तर देऊ नये. कितीही कामे असली तरी त्या घरी जाण्यापूर्वी पाळकाने कपाटातली पुस्तके उघडायची, ती एवढ्यासाठी.