शाप न उतरणारे नायक

गॅब्रिएल-सुझान द विलनव्ह यांनी १७४० साली फ्रान्समध्ये एक दीर्घ परीकथा लिहिली. सोळा वर्षांनी जान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी ती आटोपशीर केली आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ म्हणून जगभर पोहोचली ती हीच आवृत्ती. त्यात पशू रोज रात्री नायिकेला लग्नाविषयी विचारतो. ती नकार देते, तो निमूट निघून जातो. अखेर ती हो म्हणते, शाप उतरतो आणि समोर देखणा राजपुत्र उभा राहतो. तिने ज्याच्यावर जीव लावला, तो पशू मात्र कथेतून नाहीसा होतो.

आजच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांतला रूप बदलणारा नायक इथेच वेगळी वाट धरतो. त्याचा शाप उतरत नाही, कारण तो शाप नसतोच. लांडगा किंवा बिबट्या असणे हा त्याचा स्वभाव, त्याचे कूळ, त्याचा देह. नायिकेला संसार करायचा तो या दोन्ही रूपांसह. या कादंबऱ्यांना ‘पलायनवादी’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांच्या नजरेतून हा बदल निसटतो. आणि वाचकांना, त्यातही स्त्रियांना, मिळणारा आनंद तर याच बदलात आहे.

नलिनी सिंग यांची ‘साय-चेंजलिंग’ मालिका हे याचे उत्तम उदाहरण. फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या या भारतीय वंशाच्या लेखिकेची ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ ही मालिकेतली पहिली कादंबरी २००६ साली आली. तिच्या जगात अतींद्रिय शक्ती असलेल्या एका मानववंशाने हिंसा आणि वेड टाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भावनाच दडपून टाकल्या आहेत. मुलांना लहानपणापासून काहीही न वाटण्याचे शिक्षण मिळते. या समाजातल्या साशाला भावना जाणवतात, आणि आपल्यात काही खोट आहे, ती उघड झाली तर आपण संपलो, अशा धास्तीत ती जगते. तिची गाठ पडते लुकासशी. तो बिबट्यांच्या कळपाचा प्रमुख. तिथे स्पर्शाने आधार दिला जातो, राग दिसतो, लाड दिसतात. मात्र स्पर्शाचाही हक्क असतो, तो समोरच्याने द्यावा लागतो. पशूच्या सहवासात आलेली ही बाई हळूहळू माणसात येते. इथे श्वापदाला माणसाळवायचे नसून, मन मारून जगणाऱ्या माणसाला त्याची जाणीव परत मिळवून द्यायची आहे. घरीदारी भावना आवरून वावरणाऱ्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटू नये.

रूपबदलाच्या प्रेमकथेतला खरा ताण एका क्षणाभोवती असतो: ‘मी कोण आहे’ हे कोण, केव्हा सांगते आणि ते कळल्यावर निवड कोणाची उरते? आपल्याकडच्या कथांनी हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला. गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’ नाटकात नाग रात्री नवऱ्याचे रूप घेऊन राणीकडे येतो. तो प्रेमळ आहे, पण राणीला सत्य सांगत नाही, त्यामुळे निवड तिच्या हाती येतच नाही. विजयदान देथांच्या ‘दुविधा’ कथेतले भूतही नवऱ्याच्या रूपात येते, मात्र आधी वधूला खरे सांगून टाकते; ती जाणूनबुजून त्याला ठेवून घेते. देथांच्या कथेत हे भूत शेवटी चामडी पखालीत कोंडले जाते. अमोल पालेकरांनी २००५च्या ‘पहेली’ चित्रपटात शेवट बदलला आणि भुताला तिच्याजवळ राहू दिले. पालेकरांचा शेवट सौम्य आहे खरा, पण त्या स्त्रीच्या निवडीला तोच जागतो.

या कसोटीवर या साहित्यप्रकारातले दोषही स्पष्ट दिसतात. स्टेफनी मेयर यांच्या ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये (२००८) जेकब या लांडग्याचे भागधेय एका नवजात मुलीशी कायमचे जोडले जाते. पुढे प्रेम ‘आपोआप’ उमलेल असे कितीही सांगितले, तरी जिची निवड व्हायची ती अजून बोलूही शकत नाही. ‘नियतीने ठरवलेला जोडीदार’ ही या कादंबऱ्यांची लाडकी कल्पना. ती कथेला वेग देते आणि तिचा प्राण काढून घेते. तशीच कळपावर हुकूम गाजवणाऱ्या ‘अल्फा’ नराची कल्पना. ती मुळात पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून रुजली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. एल्समीअर बेटावरचे मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच ती खोडून काढली. रानातला कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले एवढाच असतो. ज्या लेखिकांनी कळपाला कुटुंबासारखे रंगवले, त्या नकळत निसर्गाच्या अधिक जवळ गेल्या.

पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्प्सन तर स्वतःच रूप बदलते, कोयोटी होते. व्यवसायाने ती मोटार मेकॅनिक. तिचे लांडगे शेजारी तिच्याहून कितीतरी बलवान आहेत. ‘आयर्न किस्ड’मध्ये (२००८) तिच्यावर बलात्कार होतो, आणि ब्रिग्ज पुढच्या पुस्तकात तिला झटपट बरी करत नाहीत, भीतीचे झटके तिला येत राहतात. तिच्यावर प्रेम करणारा अॅडम कळपाचा प्रमुख आहे, पण त्याची नखे-दात इथे कामाचे नाहीत. तिला कधी जवळ यावेसे वाटेल, हे तिनेच ठरवायचे असते.