केवटाची अट

नोकरीनिमित्त परप्रांतात येऊन पडलेल्या माणसाला आपल्या ओळखीचे एखादे नाव दिसले, की तेथे घटकाभर टेकावेसे वाटते. काशीत आल्यापासून अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसण्याची सवय मला लागली ती अशीच. शेजारच्या दशाश्वमेधावर आरतीची गर्दी उसळलेली असते. शीतला घाट ओलांडून थोडे दक्षिणेला आले, की गर्दीचा आवाज ऐकू येतो पण धक्के लागत नाहीत. एके काळी ही जागा केवलगिरी घाट म्हणून ओळखली जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चोंडीच्या शिंद्यांच्या मुलीने, होळकरांच्या सुनेने, ती पक्क्या दगडांनी बांधून काढली. त्या दगडांवर बसून मराठी माणसाला थोडा अभिमान वाटला, तर तो क्षम्य मानावा.

पूर्वी येथे बसल्यावर कानाला सर्वांत आधी जाणवे ती डिझेल इंजिनांची फटफट, आणि नाकाला त्यांचा धूर. २०२१ पासून होड्यांची इंजिने बदलून त्यांत सीएनजी भरण्याचे काम सुरू झाले. खिडकिया घाटाजवळ, ज्याला आता नमो घाट म्हणतात तेथे, पाण्यावर तरंगणारे इंधन केंद्र उभे राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर कोचीनच्या गोदीत बांधलेल्या, हायड्रोजनवर चालणाऱ्या नौकेचेही उद्घाटन झाले. नदीवरची हवा निवळली, हे कोणीही प्रामाणिकपणे कबूल करील. मीही करतो. तथापि या निवळलेल्या हवेत बसलो असता एक प्रश्न मला अलीकडे स्वस्थ बसू देत नाही. सर्वांच्या भल्याचा जो बदल होतो, त्याची किंमत कोणी द्यावी? आणि त्या बदलातून जे नवे काम, जो नवा धंदा निर्माण होतो, त्यावर पहिला हक्क कोणाचा?

प्रश्न मला सुचला तो पुस्तकातून नव्हे. माझ्याच एका अपराधातून सुचला. तो येथे सांगणे भाग आहे.

घाटावरचा एक निषाद नावाडी माझ्या ओळखीचा. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणे मोजके. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याने कुर्त्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "बाबूजी, आपण सरकारी माणूस. एवढे वाचून सांगा." इंजिन बदलून घेण्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची ती यादी होती. होडी कोणाच्या नावावर आहे, असे मी विचारले. "थोरल्या भावाच्या. तो वारला. त्याची मुले आणि माझी मुले, सगळी याच होडीवर." मी यादीवरून बोट फिरवले आणि म्हणालो, "मग तुमचा अर्ज चालणार नाही. अर्जदार मालक पाहिजे." त्याने कागद पुन्हा चार घड्यांत दुमडला, "ठीक आहे" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

माझे उत्तर नियमाला धरून होते. इतके धरून, की मला त्याचे किंचित समाधानही वाटले. परंतु ते अर्धे उत्तर होते. वारसांची संमती घेऊन, प्रतिज्ञापत्र करून होडी नावावर करून घेता येते. ही वाट मला, दहा वर्षे फायली हाताळणाऱ्या माणसाला, ठाऊक नव्हती असे नाही. ती सांगायला आणखी पंधरा मिनिटे लागली असती. आरती सुरू व्हायची होती, आणि मी उठण्याच्या घाईत होतो. नियम कोणाचा वाईट नव्हता. वाईट होता तो माझा आळस, आणि आळसाला मी नियमाचे नाव दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका कथेत मी केवटाचा प्रसंग ऐकला. ज्या तुलसीदासांनी तो अजरामर केला, त्यांच्या नावाचा घाट येथून फार दूर नाही. प्रसंग सर्वांना माहीत आहे. वनवासाला निघालेले राम गंगेच्या काठी येऊन होडी मागतात आणि केवट होडी देत नाही. तो म्हणतो, तुमच्या पायांच्या धुळीने शिळेची स्त्री झाली. माझी होडी तर लाकडाची, शिळेहून मऊ. तिचीही स्त्री झाली तर मी खाऊ काय? या होडीवर माझे कुटुंब पोसले जाते, दुसरा धंदा मला येत नाही. आधी पाय धुऊ द्या, मग चढा. कथेकरी येथे हसवतात, श्रोते हसतात. केवटाची भक्ती मोठी, चरण धुण्यासाठी त्याने ही युक्ती काढली, असा अर्थ सांगितला जातो. तो अर्थ मला अमान्य नाही. परंतु अहल्येचे नाव मिरवणाऱ्या राणीच्या घाटावर रोज बसणाऱ्या मला त्या दिवशी त्यात आणखी काही दिसले. शिळेचा उद्धार झाला, हे चांगलेच झाले; पण तोच उद्धार होडीचा झाला असता, तर नावाड्याचा सर्वनाश होता. उद्धार करणारा प्रत्यक्ष परमेश्वर असला, तरी ज्याचे पोट त्या वस्तूवर आहे त्याला आधी विचारले पाहिजे, त्याला आधी हमी मिळाली पाहिजे, हे केवटाने स्पष्ट सांगितले. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रामांना त्याचा राग आला नाही. त्यांनी पाय पुढे केले.

आपल्या काळातील उद्धारकर्ते पाय पुढे करतात काय? याच नदीवरचे एक उदाहरण घ्यावे. गंगा शुद्ध करण्याची मोठी योजना १९८६ साली येथेच, काशीच्या घाटावर सुरू झाली. तिचा एक भाग म्हणून नदीत कासवे सोडण्यात आली. अर्धवट जळलेली प्रेते त्यांनी खावीत आणि पाणी स्वच्छ राहावे, ही कल्पना. त्यांच्या रक्षणासाठी १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून घोषित झाला. वाळू काढण्यावर आणि मासेमारीवर बंदी आली. कासवांचे हित झाले असेल; परंतु त्या वाळूवर आणि माशांवर ज्यांचे हातावरचे पोट होते, त्या निषादांच्या घरी त्या बंदीच्या बदल्यात दुसरे कोणते काम पोहोचले? २०२० साली ते अभयारण्य रद्दही झाले. कासव हा मुका प्राणी. त्याच्या वतीने बोलणारे शहाणे लोक मिळाले. नावाड्याला वाचा आहे, म्हणूनच की काय त्याच्या वतीने कोणी बोलले नाही.

आता याच शहरातले दुसरे उदाहरण पाहा. येथे १९६१ साली रेल्वेच्या डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये त्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. पुढे देशाने विजेची वाट धरली. २०१७ पासून तेथे विजेची इंजिने होऊ लागली आणि २०२० मध्ये कारखान्याच्या नावातून डिझेल हा शब्दही गेला. बदल तोच, कारण तेच, शहर तेच. परंतु तेथील कायम कामगाराला कोणी असे सांगितले नाही, की काळ बदलला आहे, तुझ्या घरून नवे यंत्र घेऊन ये. त्याने नवे काम शिकावे आणि शिकत असताना त्याचा पगार चालू राहावा, हे गृहीतच होते. आपण सरकारी नोकर या गृहीतावर जगतो. कार्यालयात टंकलेखन यंत्रे जाऊन संगणक आले, तेव्हा संगणक विकत आणा असे आपल्याला कोणी म्हटले काय? बदलाची झळ आपल्याला लागत नाही. म्हणूनच बदलाची भाषा आपल्याला इतकी सहज बोलता येते. हरित अर्थव्यवस्था, न्याय्य संक्रमण, लाभार्थी हे शब्द आपल्या मसुद्यांत सराईतपणे येतात. लाभार्थी या शब्दाविषयी तर मला अलीकडे संकोच वाटू लागला आहे. ज्याच्या हातातले काढून घेऊन दुसरे काही दिले, तो लाभार्थी कसा? तो तर घेणेकरी.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. नदी थांबत नाही. प्रत्येक नावाड्याची कागदपत्रे जुळेपर्यंत धूर तसाच चालू ठेवावा काय? त्या धुराने सर्वांत आधी खोकतो तोही नावाडीच. मान्य आहे. केवटानेही रामांना परत पाठवले नाही. त्याने नदी पार करवलीच. फक्त आपली होडी होडीच राहील याची खात्री आधी करून घेतली. बदल थांबवा असे तो म्हणत नाही. बदलात मला ठेवा, असे म्हणतो.

तसे ठेवता येते याचा पुरावा आपल्याच पुण्यात आहे. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया, बहुतेक दलित समाजातल्या, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या नावाने संघटित झाल्या. शहराचा कचरा कमी करण्याचे आणि त्यातील उपयोगाचे पुन्हा उपयोगात आणण्याचे काम त्या कोणी सांगण्याआधीपासून करीत होत्या. फक्त त्याला कोणी काम म्हणत नव्हते. २००८ मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला आणि दारोदार कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांना ओळखपत्र मिळाले, घरटी शुल्क मिळू लागले; आणि मुख्य म्हणजे संस्था त्यांच्याच मालकीची राहिली. पुढे करार टिकवण्यासाठी त्यांना पुनःपुन्हा झगडावे लागले, हे खरे. पण त्या झगडू शकल्या, याचे कारण त्या नोकर म्हणून नव्हे, मालक म्हणून उभ्या होत्या. नवे स्वच्छ काम गरिबाला देणे ही अर्धी गोष्ट. त्या कामाचे साधन आणि त्यातला शब्द त्याच्या हाती राहणे ही उरलेली अर्धी.

काशीत राहिल्याने दानाचा महिमा रोज डोळ्यांसमोर असतो. अन्नछत्रे चालतात, घोंगड्या वाटल्या जातात. अहिल्याबाईंनीही मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या दानाची कीर्ती हिमालयापासून रामेश्वरापर्यंत पोहोचली. परंतु महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले, ही गोष्ट मला या सर्वांहून मोठी वाटते. अन्नछत्रातून उठलेला मनुष्य संध्याकाळी पुन्हा भुकेला असतो. मागावर बसवलेल्या मनुष्याची नातवंडे आजही महेश्वरी साडी विणतात. तो धंदा बुडू लागला, तेव्हा १९७८ च्या सुमारास त्याच घराण्यातल्या मंडळींनी रेहवा संस्था काढून तो पुन्हा उभा केला. दानाने पुण्य लागते ते देणाऱ्याला. हातातले साधन टिकले, तर मान मिळतो तो घेणाऱ्याला. पुण्य आणि मान यांत निवड करण्याची वेळ आली, तर धर्म कोणत्या बाजूला आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

माझ्या नावाड्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मी पुढच्या हिवाळ्यात त्याला शोधून काढले आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतः लिहून देतो असे म्हणालो. त्याने हसून हात हलवला. जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीपायी कर्ज झाले होते आणि होडी पुतण्यांनी विकली होती. आता तो दुसऱ्याच्या होडीवर रोजंदारीने काम करतो. होडी सीएनजीची आहे, आवाज कमी करते, धूर मुळीच सोडत नाही. परवा त्याने मला तिच्यातून पलीकडच्या वाळूपर्यंत नेऊन आणले. उतरताना मी पैसे पुढे केले, तेव्हा तो म्हणाला, "बाबूजी, मालकाला द्या. आता माझ्या हातात पैसे घेण्याचा नियम नाही."

नियम हा शब्द त्याने माझ्याकडूनच घेतला होता काय, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही.