दत्तक की कफालत?

रस्त्यावर जखमी पडलेल्या कुत्र्या-मांजरांवर उपचार करून त्यांच्यासाठी घर शोधणारी तरुण मंडळी आता अहमदनगरसारख्या (२०२४पासून अहिल्यानगर) शहरांतही दिसू लागली आहेत. ‘दत्तक घ्या’ असं त्यांचं आवाहन असतं. आपल्या मोहल्ल्यांतली मुलंही ते ऐकतात आणि घरी येऊन विचारतात, ‘अब्बा, आपण आणू या का?’ मांजराचं पिल्लू असेल तर बहुधा परवानगी मिळते. कुत्र्याचं असेल तर ‘नापाक’ या एका शब्दावर विषय संपतो.

पाकी-नापाकीचा प्रश्न खोटा नाही. पण तो पहिला प्रश्न आहे का, याचा विचार आपण फारसा करत नाही.

आधी ‘दत्तक’ हा शब्दच पाहू. आपल्या परंपरेत अनाथ मुलाला घरात वाढवणं हे मोठं पुण्य आहे, पण त्याचं कूळ पुसून त्याला आपलं नाव लावणं मान्य नाही. हजरत जैद यांना लोक पैगंबरांचा मुलगा म्हणत. पण अशा मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारावी, असं सूरह अहजाबमध्ये सांगितलं गेलं. नाव माझं नाही, मालकी माझी नाही, सांभाळण्याची जबाबदारी मात्र पूर्ण माझी. याला कफालत म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. मुक्या जिवाला घरी आणण्यासाठी मला हाच शब्द अधिक योग्य वाटतो. तो जीव माझी हौस भागवण्यासाठी जन्मलेला नाही. तो माझ्याकडे अमानत म्हणून आला आहे.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यावरचा आरोप नीट पाहिला पाहिजे. मांजर आवडत नव्हतं, हा तिचा गुन्हा नव्हता. तिने त्याला खायलाही दिलं नाही आणि पोट भरायला मोकळंही सोडलं नाही, हा गुन्हा होता. म्हणजे जीव ताब्यात घेतला त्या क्षणी हिशेब सुरू झाला. हौसेने विकत आणलेलं जातिवंत पिल्लू बाल्कनीत बांधून दिवसभर बाहेर राहणाऱ्यांनी आणि मोठं झाल्यावर त्याला गावाबाहेर सोडून येणाऱ्यांनी ही हदीस पुन्हा वाचावी.

दुसरी हदीस तहानलेल्या कुत्र्याची. विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून त्याला पाजणाऱ्याला माफी मिळाली. कुत्रा पाक की नापाक, हे तिथे कुणी विचारलं नाही. पण त्याने कुत्रा घरी नेला, असंही त्यात नाही. रहम करायला मालकी लागत नाही.

आता फिकहचा मुद्दा. कुत्र्याची लाळ हनफी मताने नापाक आहे. कोकणातले आपले बांधव शाफई. त्यांच्याकडे नियम अधिक कडक आहे. मालिकी मत त्याला पाक मानतं. शिकार, गुरं आणि शेत यांच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा आहेच. नगर जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, मेंढपाळ रानोमाळ फिरतात. इथे राखणीचा कुत्रा ही चैन नाही. ज्या घरात नमाजच्या जागेपासून कुत्रा दूर ठेवायचा आहे, त्या घराच्या श्रद्धेची टिंगल करण्याचं कारण नाही. अंगण आहे, गोठा आहे. गुहावासीयांचा कुत्राही उंबऱ्यावरच बसला होता आणि कुरआनने त्याची आठवण ठेवली. पण नापाक आहे म्हणून दगड मारायला कोणत्याही इमामाने परवानगी दिलेली नाही. नापाकीचा नियम मला हात धुवायला सांगतो, हात उगारायला नाही.

याच शहरातला एक दाखला आहे. मौलाना अबुल कलाम आझाद ऑगस्ट १९४२ ते एप्रिल १९४५ अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. एप्रिल १९४३मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांची अखेरची भेटही झाली नाही. याच कैदेत लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांत त्यांनी आपल्या खोलीतल्या चिमण्यांची हकिगत सांगितली आहे. चिमण्या छतात घरटी करून सगळी खोली घाण करत. मौलानांनी आधी त्यांच्याशी चक्क लढाई केली आणि शेवटी हार मानून दाणे टाकायला सुरुवात केली. हळूहळू भीती गेली, ओळख झाली. त्यांनी चिमण्यांना मुल्ला, कलंदर अशी नावंही दिली. पिंजरा मात्र आणला नाही. कुराणाचा एवढा मोठा भाष्यकार, स्वतः कैदी, आणि खोलीवरचा चिमण्यांचा हक्क मान्य करतो. आपल्याला धडा घ्यायचा तर तो इथून घ्यावा.

अर्थात चिमणी चावत नाही. भटक्या कुत्र्यांचा चावा बसतो तो बहुतेक गल्लीत खेळणाऱ्या गरिबांच्या पोरांना, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे बंगल्यात बसून गल्लीला दया शिकवणं सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांबाबत २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात प्राणिप्रेमींना कुत्रे दत्तक घेण्याची वाट दाखवली, पण तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. कायद्याच्या भाषेत ही कफालतच झाली. नसबंदी, दरवर्षीची लस, औषधपाणी हे सगळं तिच्यात येतं.

म्हणून ‘आणू या का?’ या प्रश्नाला ‘नापाक’ हे उत्तर अपुरं आहे आणि ‘किती गोड आहे’ हेही. मुलांना विचारावं : घाण कोण काढणार? हे काम अखेर अम्मीच्याच अंगावर पडणार असेल, तर आधी तिला विचारलं का? ईदला गावी गेलो तर त्याला कोण बघेल? दहा-बारा वर्षांनी तो म्हातारा होईल, आंधळा होईल, तेव्हाही तो आपलाच राहील का? उत्तरं मिळाली तर खुशाल आणावा. नाही मिळाली तर एप्रिलच्या उन्हात दाराबाहेर पाण्याचं भांडं ठेवावं आणि ते रोज भरावं. तेवढी कफालत दोन खोल्यांच्या घरालाही झेपते.