रविवारची जागा

गेल्या वर्षी जूनमध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी आल्या त्याच आठवड्यात महाविद्यालयात विभागप्रमुखपद माझ्याकडे आलं. तोवर सहा वर्षं मी आठवड्यातले चार दिवस पुण्यातल्या आमच्या धावण्याच्या ग्रुपबरोबर धावत होते: मंगळवार-गुरुवार विद्यापीठाच्या आवारात, शनिवारी वेताळ टेकडीवर आणि रविवारी पाषाणच्या बाजूला लाँग रन. जुलैच्या सुरुवातीला मी ग्रुपवर लिहिलं, 'काही महिने थांबते आहे.' खाली वीस-बावीस जोडलेले हात उमटले आणि विषय संपला. यात कुणाचा दोष नव्हता. थांबते म्हणणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याआधी थांबलेल्यांना मीही काही विचारलं नव्हतं.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये. या काळात आपल्याकडे पहाटे धावणाऱ्यांचे ग्रुप गावोगाव उभे राहिले. त्यांत चाळिशीच्या आगेमागे धावायला लागलेली माणसं खूप दिसतात. नेमकं याच वयात आई-वडील आजारी पडतात, मुलांची दहावी-बारावी येते, कचेरीत बढती मिळते. म्हणजे जबाबदारी वाढणं हा या ग्रुपांच्या आयुष्यातला अपवाद नाही, तो नियम आहे. तरीही ग्रुपची घडी अशी बसवलेली असते की माणूस एक तर पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर. सलग शंभर दिवस धावण्याची आव्हानं, महिनाअखेरीची किलोमीटरची यादी, 'नो एक्सक्यूज'चे टीशर्ट. ज्याच्या घरी रात्री दोनदा उठून रुग्णाला कुशीवर वळवावं लागतं, त्याला या भाषेत स्वतःसाठी शब्दच सापडत नाही.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: अजून तासभर लवकर उठा. मी तो मानला. साडेतीनला उठून, एकटीनं तासभर धावून, पाचला घरी परत. तिसऱ्या आठवड्यात पोटरी धरली आणि वर्गात शिकवताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. धावण्यानं स्नायूंची जी झीज होते ती झोपेत भरून निघते, हे धावणारा प्रत्येकजण नवशिक्यांना सांगतो आणि अडचणीच्या दिवसांत स्वतः विसरतो. झोप कापून केलेलं धावणं ही शिस्त नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. त्या सल्ल्यात कौतुकाचा सूर असतो, म्हणून तो जास्त घातक आहे.

शरीराला खरोखर किती लागतं, हा प्रश्न अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तपासला होता. त्यांनी काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं जोरकस व्यायाम करून घेतला. मग पंधरा आठवडे काहींचे दिवस चारवर आणले, काहींचे दोनवर. वेळ आणि जोर मात्र तोच ठेवला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमावलेली क्षमता दोन दिवसवाल्यांचीही टिकून राहिली. पुढच्या एका प्रयोगात दिवस तेवढेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा क्षमता घसरली. आपण अडचणीत बहुधा याच्या उलट करतो. दिवस सोडवत नाहीत म्हणून ठरलेले सगळे दिवस ओढतो आणि थकव्यामुळे सगळेच दिवस पाय रेटत धावतो. दोन दिवसांत फुल मॅरेथॉनची तयारी होत नाही, हे खरंच. पण जबाबदारीच्या वर्षात रेस सोडली तर चालते. जे कमावलं आहे ते राखणं पुरेसं असतं.

आता दोनच दिवस हातात असतील तर ते एकट्यानं धावावेत की ग्रुपबरोबर? वेळ जुळवायला एकट्यानं धावणं सोपं, म्हणून सगळे ग्रुप आधी सोडतात. मला वाटतं इथेच चूक होते. ऑक्सफर्ड विद्यापीठात वल्हवण्याच्या संघातल्या खेळाडूंवर एक प्रयोग झाला, तो २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू यंत्रावर एकदा एकेकटे वल्हवत होते, एकदा सगळे मिळून. कष्ट दोन्ही वेळा सारखेच. पण एकत्र वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त भरली. याचा अनुभव टेम्पो रनच्या, म्हणजे जोरकस वेगानं सलग धावण्याच्या, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये कुणीही घेतलेला असतो. बाजूच्या माणसाच्या पावलांचा ठेका आपल्याला ओढून नेतो. सोपी धाव एकट्यानं कधीही, कुठेही होते. कठीण धावेला सोबत लागते, आणि अडचणीच्या काळात आपल्याला नेमकी तीच राखायची असते.

यासाठी ग्रुपला मात्र थोडं बदलावं लागतं. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉनपटू एलिऊड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हा त्याच्यासाठी ४१ पेसर, म्हणजे वेग राखून देणारे सोबती, आळीपाळीनं धावले. त्यांच्यातलं कुणीही पूर्ण अंतर त्याच्यासोबत नव्हतं. ठरल्या जागी काही जण बाजूला होत, दुसरे येऊन मिळत आणि रचना तशीच पुढे जाई. आपल्याला त्यासाठी व्हिएन्नापर्यंत जायचीही गरज नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघते तेव्हा सुमारे तीस किलोमीटरचा तो एकच टप्पा चालून, दिवेघाट चढून संध्याकाळी घरी परतणारे हजारो लोक असतात. पंढरपूरला गेला नाहीस म्हणून त्यांना कुणी हिणवत नाही. पालखी आपल्या वाटेनं पुढे जाते आणि हे लोक दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर जातात. एका दिवसाच्या माणसालाही सामावून घेण्याची ही रीत आपल्या इतक्या जवळ असताना धावण्याच्या ग्रुपांत ती उतरू नये, याचं मला वाईट वाटतं.

सप्टेंबरमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ धावपटूंचा फोन आला. "ताई, रविवारी सात ते आठ एवढं जमेल का? आम्ही दुसऱ्या फेरीला पाण्याच्या टेबलापाशी पोचतो, तिथून आमच्यात या." त्यांनी लाँग रनचा सरळ जाऊन परत येण्याचा मार्ग बदलून पाच किलोमीटरचा फेरा आखला होता. त्यामुळे कुणी मध्येच येऊ शकत होतं, मध्येच जाऊ शकत होतं. एवढ्या एका बदलानं माझ्यासह चारजण परत आले. त्यांतला एक तान्ह्या बाळाचा बाप होता.

त्या एका तासात सासूबाईंचं औषध, अंघोळ आणि चहा माझ्या नवऱ्यानं पाहिलं. त्यांची ती आई, तेव्हा यात उपकार नाही. पण हिशेब उघड मांडायला हवा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. प्रत्येक लाँग रनच्या मागे घरात कुणीतरी तीन तास उभं असतं, आणि बहुतेक घरांत ती बाई असते. आमच्या ग्रुपमधले पुरुष बायकोच्या पाठिंब्याचे आभार पदकाच्या फोटोखाली मनापासून मानतात. पण तिला स्वतःला धावायचं असेल तर तिचा रविवार कोण सांभाळणार, हा प्रश्न त्याच फोटोखाली यायला हवा. जबाबदारी आली की ग्रुपमधून आधी कोण नाहीसं होतं हे मी मोजलं. आमच्याकडे सहा वर्षांत अकराजण गेले, त्यांतल्या नऊ बायका.

म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या यादीत असं एखादं नाव असेल जे चार-सहा महिन्यांपासून सकाळी दिसलेलं नाही. या आठवड्यात त्यांना फोन करा. 'परत कधी येणार?' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. कोणता दिवस आणि कोणता तास जमेल ते विचारा, आणि त्या तासाला त्यांच्या वाटेवरून जा.