तो उठला का?

१३ मार्च २०२१, शनिवार. वर्क फ्रॉम होममुळे मी जवळपास वर्षभर बोईसरच्या घरीच होतो. आयएसएलची फायनल होती, मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. सामना गोव्यात, फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये. कोविडमुळे तो अख्खा सीझनच गोव्यात प्रेक्षकांविना खेळवला होता. आमच्या हॉलमध्ये मात्र दोन प्रेक्षक होते, मी आणि पप्पा.

पप्पा केमिकल कंपनीत ऑपरेटर. जळगावकडून तारापूर एमआयडीसीत आले ते क्रिकेट सोबत घेऊनच, त्यामुळे फुटबॉलशी त्यांचं नातं म्हणजे मी लावतो म्हणून बघायचं. पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "अरे, गोल तिकडे आहे ना? मग हे मागे मागे काय देतायत?"

मी याच प्रश्नाची वाट बघत असतो. टॅक्टिक्सचं वेड लागलेल्या प्रत्येकाला घरात असा एक विद्यार्थी हवाच असतो.

मी त्यांना सांगितलं, चेंडूकडे बघू नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशोब करून बघा. ९० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटं. मैदानावर २२ जण. म्हणजे एकेकाच्या वाट्याला चेंडू सरासरी पावणेतीन मिनिटंही येत नाही. उरलेला सगळा वेळ तो काय करतो? कुठे उभा राहतो, कुणाला आपल्या मागे ओढून नेतो, कुणासाठी जागा रिकामी करतो. खेळ तिथे असतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूचा गुलाम असल्यामुळे तो आपल्याला निम्म्या वेळा दिसतच नाही. म्हणून गोलकीपरकडे चेंडू आला की मी त्याच्याकडे बघत नाही, त्याच्यासमोरची माणसं मोजतो.

सर्जिओ लोबेराच्या त्या मुंबईत ही मोजणी फार गोड होती. दोन सेंटरबॅक एकमेकांपासून लांब सरकायचे, मधल्या फळीतला अहमद जाहू त्यांच्या आसपास खाली यायचा. समोर अडवायला दोन फॉरवर्ड आले तर इकडे तीन जण, म्हणजे एक कायम मोकळा. फुलबॅक तोवर वर चढलेले. प्रतिस्पर्धी चेंडू हिसकवायला जितके पुढे येतील तितकी त्यांच्या पाठीमागची जागा उघडी पडणार. मागे पास देणं म्हणजे पुढे जाण्याचीच तयारी. याची किंमतही ठरलेली. तिथे चेंडू गेला तर मागे कुणी नाही.

अठराव्या मिनिटाला नेमकं तेच झालं. रॉय कृष्णाने जाहूकडून चेंडू काढून घेतला, डेव्हिड विल्यम्सला दिला, गोल.

"काय माणूस आहे! गेला की नाही चेंडू?" पप्पा म्हणाले.

"पप्पा, ही चूक नाही, हा खर्च आहे," मी म्हणालो. वाक्य मला इतकं आवडलं की लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलं. सीझनभर याच पद्धतीने लीग शील्ड जिंकली, त्या पद्धतीचं बिल कधीतरी येणारच होतं. जाहूला शिव्या घालणारा प्रेक्षक फक्त शेवटचा स्पर्श बघतो, असं माझं म्हणणं. आमच्या कामात गिट ब्लेम नावाची कमांड आहे. कोडची एखादी ओळ शेवटची कुणी बदलली ते ती सांगते. कंपनीत नवीन असताना वाटायचं की ज्याचं नाव आलं तो दोषी. पुढे कळतं की त्या बिचाऱ्याने फक्त स्पेस नीट केलेल्या असतात, बग तीन वर्षांपूर्वीच्या एका मीटिंगमध्ये जन्मलेला असतो. बऱ्या टीम्स प्रोडक्शन कोसळल्यावर 'कुणी केलं' असं विचारत नाहीत, 'हे होऊ कसं शकलं' असं विचारतात.

फुटबॉलने मला हे आधी शिकवलं होतं. १६ जुलै १९५० चा ब्राझील-उरुग्वे सामना घ्या. माराकानावर घिजियाने गोल मारला, ब्राझीलच्या हातून वर्ल्ड कप गेला आणि गोलकीपर बार्बोसा उरलेलं अख्खं आयुष्य त्या एका गोलचा आरोपी म्हणून जगला. २००० साली वारला तोवर. पण पहिला गोल कसा झाला होता? त्याच बाजूने घिजिया मोकळा सुटला आणि त्याने आत क्रॉस दिला होता. दुसऱ्यांदा तो तसाच सुटला तेव्हा बार्बोसाने पुन्हा क्रॉसचा अंदाज बांधला आणि जवळच्या खांबापाशी फट पडली. एकाच बाजूने दोनदा वाट मोकळी कशी मिळाली, हा प्रश्न एका माणसाचा नाही. डोळे तयार झाले की तुम्ही जरा न्यायी होता, असं मला तोवर प्रामाणिकपणे वाटायचं.

एकोणतिसाव्या मिनिटाला जाहूच्याच लांब पासवर तिरीने डोक्याने चेंडू बाहेर काढायला जाऊन स्वतःच्याच गोलमध्ये घातला. १-१. मी खुशीत.

हाफ टाइमच्या थोडं आधी मुंबईचा राइट बॅक अमेय रानवडे आणि एका प्रतिस्पर्ध्याची टक्कर झाली. रानवडे खाली पडला. खेळ थांबला. मी फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, 'आता रकीप येईल, उजवीकडून चढाई कमी, बिपिनच्या बाजूने जास्त खेळतील.' चार जणांनी अंगठे दिले. मी पुढचा मेसेज टाइप करत होतो तेव्हा पप्पांनी विचारलं,

"तो उठला का?"

मी वर बघितलं. नव्हता उठला. मैदानावर अ‍ॅम्ब्युलन्स आली होती. खेळाडू भोवती उभे होते. 'रानवडे' हे नाव ऐकल्यापासून पप्पा त्याला 'आपला पोरगा' म्हणत होते आणि आता सोफ्याच्या कडेवर येऊन बसले होते. त्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्या घरचे बघत असतील ना हे?" आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही त्यांची फर्स्ट शिफ्ट होती.

मला स्वतःचीच थोडी भीती वाटली. मी दुष्ट नाही, निदान तसं मला वाटतं. पण एक माणूस बेशुद्ध पडला आणि मला मैदानावर उजवीकडे एक ठिपका कमी झालेला दिसला. शिवाय हे माझ्या अडाणीपणातून झालं नव्हतं, माझ्या समजेतून झालं होतं. ज्या नजरेने मी जाहूला माफ केलं, त्याच नजरेला रानवडे दिसला नाही.

तेव्हापासून माझ्या काही आवडत्या गोष्टी मला आधीसारख्या सांगता येत नाहीत. १९६२ ची जकार्ताची एशियाई स्पर्धा. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सरळ सेंटर फॉरवर्ड केलं. त्याने सेमीफायनलला गोल मारला, फायनललाही मारला आणि दक्षिण कोरियाला २-१ हरवून आपण सुवर्णपदक जिंकलो. मी ही गोष्ट मित्रांना नेहमी 'मास्टरस्ट्रोक' म्हणून सांगायचो. टाके घातलेल्या कपाळाने तो हेडरला कसा उठत असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. रहीम स्वतः तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले. त्या बोर्डावरच्या प्रत्येक ठिपक्याला अंग होतं, आणि ठिपके हलवणाऱ्यालाही.

इथवर येऊन 'टॅक्टिक्स सोडा, माणसं बघा' असं म्हणता आलं असतं. पण ते मला पटत नाही, आणि त्याला कारण घरातलंच आहे.

मी कॉलेजला होतो तेव्हा पप्पांच्या तेव्हाच्या कंपनीत नाइट शिफ्टला सॉल्व्हंटची टाकी ओव्हरफ्लो झाली. एका हेल्परचा हात भाजला. चौकशीच्या कागदावर दोन शब्द आले, 'ऑपरेटरची चूक'. ऑपरेटर पप्पा. पंधरा दिवस बिनपगारी घरी. लेव्हल गेज अडकतो हे त्यांनी आधी लॉगबुकमध्ये लिहिलं होतं. त्या रात्री त्यांच्या जोडीचा माणूस दुसऱ्या प्लांटला पाठवला होता. पण व्हॉल्व्हवर शेवटचा हात त्यांचा. बोईसरमध्ये वाढलेल्या कुणालाही हे दोन शब्द नवीन नाहीत. स्फोटाच्या आवाजाने खिडक्या वाजतात, मग काही दिवसांनी कुणाचं तरी नाव फिरू लागतं. ज्या चौकशीला फक्त शेवटचा स्पर्श दिसतो, तिला चेंडू सोडून बघायला कुणीतरी शिकवायला हवं. तिथे माणसाकडे बघणं म्हणजे त्यालाच पकडणं होतं.

म्हणून फायनलनंतर काही दिवसांनी मी पप्पांना ते सगळं समजावून सांगितलं. डायनिंग टेबलवर वाट्या आणि लिंबाची फोड ठेवून. हा गेज, हा तुमचा जोडीदार, तो इथून काढला, म्हणजे तुमच्या मागे कव्हर नाही. जाहूसारखंच. तुमची चूक नव्हतीच, सिस्टीमची होती. इतक्या वर्षांनी त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरवतोय असं मला वाटत होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. लिंबाची फोड उचलून पुन्हा ताटलीत ठेवली.

"सिस्टीम तर होतीच," ते म्हणाले. "मला काय माहीत नाही? पण मी होतो ना तिथे. त्या पोराचा हात भाजला तेव्हा मी होतो."

त्या हेल्परकडे ते पुढे कितीतरी महिने जात होते, हे मला आईकडून नंतर कळलं.

मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं झालं तू सांगितलंस. उलट मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेत होतो. कंपनीने सगळा दोष त्यांच्यावर टाकला, मी सगळा काढून घेतला, आणि दोन्ही वेळी त्यांना कुणी विचारलं नाही. मी तर त्यांना लिंबाची फोडच करून टाकलं होतं. जाहूला मी 'हा खर्च आहे' म्हटलं तेव्हा त्याला कसं वाटलं असेल? पुढची सत्तर मिनिटं तो त्याच जागी खाली येऊन चेंडू मागत राहिला. मला ते पद्धतीवरच्या विश्वासाचं उदाहरण वाटलं होतं. कदाचित तो 'मी होतो ना तिथे' असं म्हणत असेल. ते पडद्यावर दिसत नाही, आणि माझ्या आकृतीतही त्याला जागा नाही.

मी अजूनही सामने तसेच बघतो. जमेल तेव्हा अंधेरीच्या स्टेडियममध्ये जातो, शक्यतो वरच्या रांगेत बसतो, कारण उंचीवरून आकार दिसतो. तिथून चेहरे दिसत नाहीत. खालच्या रांगेतून चेहरे दिसतात, पण मग कोण कुठे उभा आहे ते कळत नाही. दोन्ही दिसतील अशी सीट मला अजून सापडलेली नाही. मग विरारला गाडी बदलून रात्री उशिरा बोईसरला उतरतो.

त्या फायनलचा शेवट सांगायचा राहिला. नव्वदाव्या मिनिटाला पुढे आलेला चेंडू गोलकीपर अरिंदम भट्टाचार्यच्या हाती लागला नाही, ओग्बेचेने तो मिळवून बिपिन सिंगला दिला, बिपिनने गोल मारला. मुंबई २-१. आम्ही पहिल्यांदा चॅम्पियन. मी एकटाच हॉलमध्ये आवाज न करता नाचलो. रात्री एकपर्यंत ग्रुपवर होतो.

सकाळी पप्पा डबा भरून निघाले तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. त्यांनी दारातून हाक मारली. मला वाटलं, कोण जिंकलं ते विचारतील.

"अरे, त्या पोराचं काय झालं?"

मी उशीखालचा फोन शोधला. रात्रभर मी गोलच्या क्लिप्स बघितल्या होत्या, हे शोधलं नव्हतं. आता शोधलं. "शुद्धीवर आहे म्हणतात. हॉस्पिटलमध्ये आहे, पण ठीक आहे."

"बरं," म्हणाले, आणि चप्पल घालून जिना उतरले. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचले असतील तेव्हा मी गॅलरीतून ओरडून सांगितलं, आपण जिंकलो.