रीत आणि नीती

भिन्न देशांतील दोन माणसे विवाहबद्ध होतात तेव्हा मोठ्या मतभेदांची तयारी त्यांनी बहुधा केलेली असते. अडते ते मिठाच्या भांड्यापाशी. आई नॉर्वेची आणि वडील इंग्लंडचे अशा एखाद्या घरातील जेवणाचे टेबल डोळ्यांसमोर आणावे. वडील मीठ मागताना ‘प्लीज’ म्हणतील, मिळाल्यावर ‘थँक यू’ म्हणतील आणि हात लांबवून स्वतःच घ्यावे लागले तर ‘सॉरी’ही म्हणतील. आईच्या भाषेत मात्र ‘प्लीज’च्या जागी चपखल बसणारा एक शब्द नाही. जो वाक्प्रयोग आहे त्यात आर्जव आहे. रोजच्या मिठासाठी तो जड पडतो. ती सरळ ‘मीठ दे’ म्हणते, आणि इंग्रज सासूला सून उद्धट वाटते.

वास्तविक हीच सून ‘ताक्क फॉर मातेन’, म्हणजे ‘अन्नाबद्दल आभार’, असे म्हटल्यावाचून जेवून उठत नाही. मागच्या भेटीबद्दल पुढच्या भेटीत आभार मानण्याचीही तिच्याकडे रीत आहे. इंग्रज मागताना नम्र असतो, नॉर्वेजियन मिळाल्यानंतर. आणि आपण? आईने वाढलेल्या ताटाबद्दल ‘आभारी आहे’ म्हणणारा मुलगा आपल्याकडे आईला परकाच वाटेल. तेवढ्यावरून आपण कृतघ्न ठरत नाही.

अशा भेदांवर तोडगा निघतो. नॉर्वेत नाताळची खरी रात्र २४ डिसेंबरची, भेटवस्तूही त्याच संध्याकाळी उघडायच्या. इंग्लंडमध्ये २५ च्या सकाळी. मुले दोन्ही साजरे करतात आणि तक्रार करीत नाहीत. भर थंडीत तान्ह्या बाळाला उबदार गुंडाळून बाबागाडीत घराबाहेर झोपवणे नॉर्वेत सर्वमान्य आहे. इंग्रज आजीचा जीव त्याने टांगणीला लागतो, एवढेच.

परंतु मुलाला चापट मारावी की नाही, हा प्रश्न या मालिकेत बसत नाही. नॉर्वेने १९८७ मध्ये आईबापांनी मुलांना मारण्यास कायद्याने मनाई केली. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने सौम्य चापटीला फट ठेवली, तीही २०१० मध्ये संसदेने बुजवली. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने ‘वाजवी शिक्षा’ हा बचाव किरकोळ मारापुरता आईबापांसाठी शिल्लक ठेवला. स्कॉटलंडने २०२० मध्ये व वेल्सने २०२२ मध्ये तो काढून टाकला. म्हणजे एकाच बेटावर नदी ओलांडली की वडिलांचा हात गुन्हेगार ठरतो.

‘ज्याची त्याची रीत’ हे औदार्य येथे अपुरे पडते. मुलगा एकच आहे. त्याला अर्धी चापट मारता येत नाही. वडील म्हणतील, मी मार खाल्ला, माझे काय बिघडले? हा युक्तिवाद आपल्याही घरांत नित्य ऐकू येतो. त्यात एक गफलत आहे: मार सोसूनही जो सुखरूप राहिला तोच साक्षीला उभा राहतो. माझ्या मते रीत आणि नीती यांतील सीमा येथे सापडते. जोवर एखाद्या प्रथेची किंमत ती पाळणाराच मोजतो, तोवर ती रीत. जो नकार देऊ शकत नाही त्याच्या अंगावर ती किंमत पडू लागली, की देशाचे नाव सांगून सुटता येत नाही.

तथापि नॉर्वेला येथे न्यायासनावर बसवण्याचे कारण नाही. मुलाचे हित आपल्यालाच कळते ही खात्री शासनयंत्रणेलाही कठोर करते. २०११ मध्ये स्टाव्हांगर येथील एका भारतीय दांपत्याची दोन मुले तेथील बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली, ते आपल्या वाचकांना स्मरत असेल. २०१९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या विस्तारित पीठाने दुसऱ्या एका प्रकरणात, आईपासून मूल कायमचे तोडताना नॉर्वेने कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केला, असा निर्णय दिला. तेथेही किंमत मोजली ती मुलांनीच.

मग त्या टेबलावर कोणी काय सोडावे? सुनेने ‘प्लीज’ शिकून घ्यावे. त्यात तिचे काही जात नाही आणि सासूला बरे वाटते. जेवणानंतरचे आभार वडिलांनी मानावेत. मात्र सुटीत नातवंडे लंडनला धाडताना चापटीविषयीची आपली अट तिने सासूला सांगावी, आणि ती सांगताना ‘सॉरी’ म्हणू नये.