मागणारा देव आणि वाढणारी आई

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा म्हटली की आपल्याला दत्तजयंती आठवते. सायंकाळचा जन्मोत्सव, पाळणा, सुंठवडा आणि मग महाप्रसाद. पण त्याच तिथीला अन्नपूर्णा जयंतीही असते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पूर्वी या दिवशी चूल सारवून तिची पूजा होई. आता गॅसच्या शेगडीला हळदकुंकू लागते. लग्नात लेकीला माहेरहून दिलेली पितळी अन्नपूर्णा देवघरात तांदळावर बसलेली असते, हातात पळी घेऊन. आपल्या भंडारा जिल्ह्यात याच सुमारास धान घरी आलेले असते. तेव्हा तिची आठवण आपण तरी विसरू नये.

आता पाहा, एकाच पौर्णिमेला वाढणारी देवी आणि मागणारा देव! दत्तमहाराज दुपारी कोल्हापूरला भिक्षा घेतात नि निद्रेला माहूरला येतात, अशी आपली श्रद्धा. काशीची कथाही तशीच. सारे जग माया, अन्नसुद्धा माया, असे शंकर म्हणाले, तेव्हा पार्वती अंतर्धान पावली. अन्न नाहीसे झाले, आणि खुद्द महादेव भिक्षापात्र घेऊन तिच्या दारी उभे राहिले. तिने आधी जाब विचारला नाही, वाढले. अनसूयामातेने तर परीक्षा पाहायला आलेल्या तिघांनाही विन्मुख धाडले नाही. बाळे करून पाजले.

मग देणारा मोठा की घेणारा?

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तिथे एकाच्या नावे टाकल्याशिवाय दुसऱ्याकडे जमा होत नाही. अन्नदानातही आपण हाच हिशेब लावतो. मी दिले, म्हणजे घेणारा माझे देणे लागतो. निदान त्याने मान खाली घालावी! महाप्रसादाला आपल्याकडे भंडाराच म्हणतात. त्यात कोणी दुसऱ्यांदा पंगतीला बसतो, कोणी बाई पदराआड डबा धरते. लगेच कुणीतरी म्हणतेच, "यांनी वर्गणी किती दिली हो?"

कोणी म्हणेल, दान सत्पात्री असावे, हे गीतेच्या 17व्या अध्यायातच सांगितले आहे. खरे आहे. पैसा देताना, विद्या देताना माणूस जरूर पारखावा. पण अन्नाला भूक हीच पात्रता. ती पोटात असते, चेहऱ्यावर दिसेलच असे नाही. डबा नेणारीच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, आपल्याला काय ठाऊक?

गुरुचरित्राच्या 38व्या अध्यायातला भास्कर आठवा. तिघांपुरता शिधा घेऊन आलेला गरीब ब्राह्मण. लोकांनी त्याची थट्टा केली. श्रीगुरूंनी त्याच अन्नात चार हजार जेवू घातले. ज्याला आपण घेणाऱ्यांत मोजले, तोच यजमान ठरला!

म्हणून माझे मत असे. वर्गणीचा हिशेब पै-पैचा ठेवावा, तो फलकावर लावावा. अन्न वाया जाऊ नये म्हणून थोडे थोडे वाढावे. पण पंगत बसली की वही मिटावी. डबा पुढे आला तर तोही भरावा, सर्वांदेखत बोलू नये. कारण पात्र पुढे करणारा कोण, हे दत्तभक्ताने तरी विचारू नये. आपला देवच भिक्षेकरी आहे. घेणारा आला म्हणून आपल्या हातून दान घडते, तेवढे उपकार त्याचेच.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!